सोमवारची सुई

दादू सुतार मला बघून बाकावरून उठायला गेले आणि निम्म्यातच अडकले. एक हात बाकाच्या कडेवर, दुसरा थोरल्या लेकाच्या खांद्यावर, कंबर जेमतेम वीतभर वर आलेली. तिथून त्यांना ना उभं राहता येईना, ना परत बसता येईना.

"अहो काका, बसा, बसा," मी म्हटलं.

"बरं हाय म्याडम," ते म्हणाले. "एकदम बरं हाय."

त्यांच्या ओठांवर हसू होतं आणि कपाळावरून घाम गळत होता. लेकानं त्यांना हळूच खाली बसवलं आणि माझी नजर चुकवून तो दाराबाहेर बघायला लागला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी मिरजेत मणक्याच्या एका दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टर हुपरीकर तिथले सर्जन. साठी-सत्तरीच्या पुढच्या, मणके झिजलेल्या लोकांची ते ऑपरेशनं करत. झिजलेली हाडं स्क्रू आणि सळ्या घालून एकमेकांना पक्की जखडायची, म्हणजे ती हलणार नाहीत आणि दुखणार नाहीत. ऑपरेशन झालेल्या माणसाला तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, मग वर्षानं आणि दोन वर्षांनी तपासणीला बोलावत. तेव्हा त्याला प्रश्न विचारून फॉर्म भरायचा, हे माझं काम. शून्य ते दहामध्ये दुखणं किती? न थांबता किती चालता? खुर्चीत किती वेळ बसता? तपासणीचा वार सोमवार.

त्या सोमवारी मी रजा टाकली होती. मालन मावशीला, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीला, दवाखान्यात दाखल करायचं होतं. मंगळवारी सकाळी तिचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ती रविवारीच निंबळगावात, माझ्या माहेरी, येऊन राहिली होती. तिला रक्तदाबाच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत त्याची यादी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हवी होती. ती यादी गावातल्या डॉक्टर शेंडग्यांकडं. म्हणून सकाळी साडेआठला, घरी जायच्या आधी, मी त्यांच्या दवाखान्यापाशी गाडी थांबवली.

दादू सुतार म्हणजे माझ्या फॉर्मांतला सतरा नंबर. मिरजेच्या दवाखान्याच्या भिंतीवर मी रंगीत पेनांनी एक तक्ता करून लावला होता. बेचाळीस माणसं, त्यातली छत्तीस 'उत्तम', चार 'बरी', दोन 'फरक नाही'. माझं अक्षर चांगलं आहे आणि त्या तक्त्याचा मला भारी अभिमान होता. दादू सुतार उत्तमांत होते. मागच्या तपासणीला त्यांनी व्हरांड्याला चार फेऱ्या मारून दाखवल्या, तेव्हा हुपरीकर डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. फॉर्मवर मीच लिहिलं होतं, दुखणं: एक.

मी बाकावर पुढं नजर टाकली. दादूंच्या पलीकडं रुक्मिणी कोळेकर. नंबर सव्वीस, उत्तम. तिच्या पलीकडं एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर बाबर. नंबर एकतीस, तेही उत्तम. रुक्मिणीबाई भिंतीला पूर्ण टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. बाबरांनी काठी दोन्ही गुडघ्यांत धरून कपाळ तिच्यावर टेकलं होतं. मिरजेला आले की त्यांच्या हातात काठी कधी दिसायची नाही.

"तुम्ही सगळे इथं कसे?" मी विचारलं. "आज तपासणी ना? साडेनऊची एसटी धरायची नाही का?"

रुक्मिणीबाईंनी डोळे उघडले.

"धरायचीच हाय की," त्या म्हणाल्या. "सुई झाली की निघायचं."

"कसली सुई?"

तेवढ्यात आतून शेंडगे डॉक्टरांनी मला हाक मारली. म्हणाले, "या, या. तुमचीच यादी लिहून ठेवलीय." शेंडगे पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, गावात मिळेल ते औषध देणारे सरळ गृहस्थ. मी आत गेले, माझ्या मागोमाग दादू सुतारांना त्यांच्या लेकानं आणलं. डॉक्टरांनी बोलता बोलता सुई भरली, दादूंची बाही वर केली, दंडात टोचली. वर कापसाचा बोळा ठेवला आणि चिकटपट्टीचे दोन तुकडे आडवे-उभे लावून त्यावर फुली मारली.

"म्हाताऱ्या माणसाचं रक्त लवकर थांबत न्हाई," ते मला म्हणाले, जणू मी त्याबद्दलच विचारलं होतं. "म्हणून ही फुली. गावात कुणाच्याबी दंडाला दिसली तर समजायचं, शेंडग्याची कामगिरी."

"ही सुई कशाची, डॉक्टर?"

त्यांनी माझ्याकडं चमकून पाहिलं.

"दुखायचं थांबायची. तुम्हाला म्हाईत न्हाई? मला वाटलं तुमच्याच दवाखान्यातनं सांगत असतील. तपासणीचा सोमवार असला की येतात ही सगळी. दुपारी तीनपर्यंत पुरतं. तवर मिरजेला जाऊन, तपासून, घरी परत येतात."

"सगळी म्हणजे किती?"

"माझ्याकडं सात-आठ. आसपासच्या चार गावांतली. बाकीच्या गावांत बाकीचे डॉक्टर असतीलच की."

मी खुर्चीवर बसले. डोळ्यांपुढं तो तक्ता आला, हिरव्या पेनानं रंगवलेले ते छत्तीस खण, आणि प्रत्येक खणात एक चिकटपट्टीची फुली दिसायला लागली. मी दादू सुतारांना विचारलं, "काका, असं का केलंत? मी तुम्हाला विचारत होते ना, दुखतं का म्हणून?"

दादू बाही खाली करत होते. उत्तर दारातून आलं. रुक्मिणीबाई भिंत धरून दारापर्यंत आल्या होत्या.

"म्याडम, देवाला जाताना आंघोळ करून जातोय न्हवं आपण? तसंच हे. त्या डाक्टरानं पाच तास उभं राहून माझी कंबर सांधली. जाताना पाठीवर हात फिरवून म्हणला, आजी, आता पळायचं. त्या माणसाम्होरं कण्हत जायाचं बरं दिसतंय का?"

"पण खरं सांगायला नको का?"

"काय सांगायचं? तुमच्या भिंतीवर बघितलं की समदी बरी झाल्यात." त्या आवाज उतरवून बोलल्या, बाकावरच्या बाबरांना ऐकू जाऊ नये म्हणून. "माझंच कायतरी चुकलं असंल. वजन उचललं असंल. पथ्य मोडलं असंल. माझ्या नशिबाचं खापर त्यांच्या डोक्यावर कशाला?"

बाबर बाहेरून म्हणाले, "आम्हाला तसं काय न्हाई, म्याडम. जरा अंग धरलंय म्हणून आलोय."

शेंडग्यांनी मला यादी दिली. मी उठले तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं.

"मालनबाईंचं ऑपरेशन पक्कं का?"

"उद्या सकाळी."

"हां." त्यांनी पेन खिशाला लावलं. "त्याआधी आईसंगं एकदा बोला तुम्ही. निवांत."

"आईशी काय बोलायचं, डॉक्टर? आईच तर पुरावा आहे," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

गाडीत बसले तेव्हा हे वाक्य मी आणखी दोनदा स्वतःशी म्हटलं. माझ्या आईचं, हौसाबाईचं, ऑपरेशन चौदा महिन्यांपूर्वी झालं होतं. चाळीस वर्षं शेतात भांगलण करून कंबर वाकलेली बाई. पायात मुंग्या, पावलं टाकता येत नव्हती. मीच मागं लागून तिला तयार केलं. महिन्यातून दोन रविवार मी माहेरी यायची, तेव्हा आई ताठ उभी राहून मला दारातून हात करायची. बाकीच्यांनी मला फसवलं असेल, पण आईला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

ही म्हण मी दवाखान्यातही वापरायची. एखादा म्हातारा ऑपरेशनला कचरायला लागला की मी म्हणायची, 'अहो, माझ्या सख्ख्या आईचं केलंय, तिच्याशीच बोला.' आणि तिथल्या तिथं आईला फोन लावून त्याच्या हातात द्यायची. पलीकडून आईचा खणखणीत आवाज यायचा. समोरच्या माणसाचा चेहरा उजळायचा. अशी निदान पंधरा माणसं मी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचवली असतील. माझी जीभ तेव्हा फार पुढं पुढं करायची.

घरी पोचले तर मालन मावशी सोप्यात खाटेवर तयार होऊन बसलेली. अंगावर धुवट पातळ, पायात नवीन चपला, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत दोन लुगडी, तांब्या आणि देवाचा अंगारा, हे तिनं मला न विचारता दाखवलं. दादा-वहिनी बागेत गेलेली. घरात आम्ही तिघीच.

"आलीस व्हय उजा?" आई आतून आली. कपात चहा. पावलं झपाझप. कंबरेत बाक नाही, चेहऱ्यावर ओढ नाही. तिला तसं चालताना बघून माझ्या जिवात जीव आला. मी इतकी मोकळी झाले की मला हसूच आलं.

"का हसतीस?" मावशीनं विचारलं.

"काही नाही गं. आईला बघून."

"मी बी तिलाच बघती," मावशी म्हणाली. "राती डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. कंबरेत इस्क्रू घालायचं म्हंजे काय खायचं काम हाय? भीती वाटतीया. पण अक्काकडं बघितलं की धीर येतोय. तिनं माझ्या नातवाच्या लग्नात खाली पंगतीला बसून दाखवलं. मांडी घालून! त्या पंगतीतच मी व्हय म्हणलं."

"पुरे तुझं पुराण," आई म्हणाली. "उजा, डिंकाचे लाडू केल्यात. मावशीसंगं दे. दवाखान्यातलं पचपचीत खाऊन काय अंगाला लागतंय?"

लाडवांचा डबा वरच्या फळीवर होता. आईनं टाचा उंचावल्या, उजवा हात वर केला. पदर घसरला, झंपराची बाही वर सरकली.

दंडावर चिकटपट्टीची फुली होती.

मी कप खाली ठेवला. ठेवला की सुटला, मला आठवत नाही, चहा सांडला एवढं आठवतं. आई डबा घेऊन वळली आणि तिला माझी नजर कुठं आहे ते दिसलं. तिनं बाही खाली ओढली.

"आई, दंडाला काय लागलंय?"

"कुठं काय? डास चावला."

"डासानं फुली मारली?"

तिनं डबा खाटेवर ठेवला. झाकण उघडलं, परत लावलं. मावशी आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघायला लागली.

"मी आत्ता शेंडग्यांकडून आलेय," मी म्हटलं. "दादू सुतार होते. रुक्मिणी कोळेकर होती. दादूंच्या दंडावरही हेच आहे. आई, किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"सुई किती दिवस घेतेस?"

आई खाटेच्या कडेवर बसली. बसताना तिनं एक हात आधी टेकवला. तो हात आजवर मला कधी दिसला नव्हता.

"तू येणार असलीस की," ती म्हणाली.

"म्हणजे दर पंधरा दिवसांनी?"

"मागल्या आठवड्यात तू आलीच न्हाईस. येती म्हणालीस आणि आली न्हाईस. सुई वाया गेली."

हे तिनं एवढ्या साधेपणानं सांगितलं की मला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच जमलं नाही. मी माझ्याच घरात उभी होते आणि माझ्याच आईला ओळखत नव्हते. वर्षभर मी जी बाई बघत आले, ती सकाळी शेंडग्यांकडं तयार होत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"पयले चार म्हैने खरंच बरं हुतं," आई म्हणाली. "पायातल्या मुंग्या गेल्या, त्या आजूनबी न्हाईत. ते खोटं न्हाई. मग इस्क्रूच्या वरल्या अंगाला दुखाया लागलं. खाली बसलं की उठता येईना. तुला सांगणारच हुते. पण तवर तू फोन द्यायला लागलीस."

"कुठला फोन?"

"त्या माणसांचा! काकू, करू का ऑपरेशन? आज्जी, तुम्हाला गुण आला का? आता मी काय म्हणायचं त्यास्नी? माझी लेक तिथं शेजारी उभी. तिनं सांगितलेलं मी खोटं पाडू? एकाला बरं हाय म्हणलं. मग दुसऱ्याला तेच म्हणावं लागलं. किती जणं झाली, उजा? आता मी फिरले तर तुझी मान खाली. तुझी नोकरी, तुझा तो तक्ता. तूच दाखवलास न्हवं मला त्याचा फोटो? त्यात समद्यास्नी गुण आलेला. मग म्हणलं, माझंच नशीब फुटकं. झाकली मूठ ऱ्हाऊ दे."

रुक्मिणी कोळेकरच्याच तोंडचे शब्द. तासाभरापूर्वी ऐकलेले. एकाच बाकावर बसून, एकच सुई घेऊन, ही माणसं एकमेकांनाही सांगत नव्हती, कारण माझ्या तक्त्यानं प्रत्येकाला पटवलं होतं की बाकी सगळे बरे आहेत आणि गुण आला नाही तो एकट्या आपल्यालाच. तो तक्ता मी त्यांच्या उत्तरांवरून केला होता आणि ती उत्तरं ते तक्त्याकडं बघून देत होते.

"अक्का," मावशी म्हणाली.

आम्ही दोघी तिला विसरलोच होतो. तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली होती.

"माझ्या नातवाच्या लग्नात तू मांडी घालून बसलीस. त्या दिशी बी सुई?"

आई खाली बघत होती.

"त्या दिशी दोन घेतल्या," ती म्हणाली.

"आणि मला सांगितलं न्हाईस."

"तुला गुण येईल असं वाटलं. समद्यास्नी आलाय तर तुला बी येईल. मी एकलीच—"

"मी तुझ्याकडं बघून निघाले हुते," मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. "डाक्टरकडं बघून न्हाई. ह्या पोरीकडं बघून बी न्हाई. उद्या मला टेबलावर झोपवलं असतं आणि तू हितं लाडू वळत बसली असतीस."

मावशीनं वाकून, कण्हत, नव्या चपला काढल्या आणि खाटेखाली सारल्या. पिशवीतून तांब्या काढून परत फडताळात नेऊन ठेवला. तेवढ्या चार पावलांत ती दोनदा थांबली. तिचा त्रास काही खोटा नव्हता, ऑपरेशन तिला बरंही करू शकलं असतं. पण कशावर विश्वास ठेवून करायचं, ते त्या घरातून गेलं होतं.

मी दवाखान्यात फोन करून सांगितलं की पेशंट येत नाही. कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, उद्या येऊन सांगते.

दुसऱ्या दिवशी मी हुपरीकर डॉक्टरांना सगळं सांगितलं. आधी ते हसले, मी चेष्टा करतेय असं वाटून. मग ते टेबलावरच्या मणक्याच्या सांगाड्याशी चाळा करत बसले. "मी प्रत्येकाला हसून विचारायचो, काय, बरंय ना?" ते म्हणाले. "त्यांनी दुसरं काय उत्तर द्यायचं?" पुण्यातल्या एका परिषदेत ते आमचे आकडे वाचणार होते, ते त्यांनी मागं घेतलं. भिंतीवरचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला. पुढं सांगलीच्या एका कॉलेजातल्या दोन मुली, ज्यांचा दवाखान्याशी काही संबंध नव्हता, त्या बेचाळीस घरी जाऊन आल्या. दुपारी तीननंतर. आता फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न होता, जो आधी कुणाला सुचला नव्हता: खाली जमिनीवर बसता येतं का, आणि बसलात तर एकट्यानं उठता येतं का? आमच्या खेड्यांत खुर्चीत बसतो कोण? बेचाळिसांतल्या एकोणीस जणांना खरंच चांगला गुण आला होता, तेही सांगितलं पाहिजे. छत्तीस नव्हे, एकोणीस.

मावशीनं दोन वर्षांनी ऑपरेशन केलं, पाय लुळा पडायला लागला तेव्हा. सगळं ऐकून, एकोणीस हा आकडा डॉक्टरांच्या तोंडून दोनदा वदवून घेऊन. तिला निम्मा गुण आला. ती तेवढाच सांगायची, तसूभर जास्त नाही. आईशी मात्र ती सहा महिने बोलली नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्याच सोमवारची दुपार. मावशी पाठ फिरवून खाटेवर पडली होती. आई आणि मी मागच्या पडवीत बसलो होतो. आई खाली, भिंतीला टेकून, पाय पसरून. मी मुद्दाम तिच्यासमोर खाली बसले. माझ्या पर्समध्ये कोरे फॉर्म नेहमी असत. आईची तपासणी राहिलीच होती. मी एक फॉर्म काढला, पेन काढलं.

"आई, आता खरं सांग. शून्य ते दहामध्ये दुखणं किती?"

तिनं फॉर्मकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कोण इचारतंय?" ती म्हणाली. "दवाखाना का लेक?"

"लेक," मी म्हटलं.

"मग ते लिहू नगंस. ऐक."

मी पेन ठेवलं. आई बोलायला लागली. सकाळी उठताना आधी कुशीवर कसं वळावं लागतं. न्हाणीत बसता येत नाही म्हणून वहिनी उभ्यानं पाणी घालते, आणि वहिनीला तिनं शपथ घातलीय की उजाला सांगायचं नाही. चुलीपुढं बसून भाकरी थापल्याला दहा महिने झाले. माझ्या रविवारी ती थापते. ती रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती, नुसतं सांगत होती. रडत मी होते. चौदा महिन्यांत मी माझ्या आईला शंभर वेळा विचारलं असेल, बरं आहे ना? एकदाही विचारलं नव्हतं, कसं आहे?

तीन वाजून गेले. बोलता बोलता तिचा आवाज आखडायला लागला. मला आधी कळलं नाही. मग तिच्या कपाळावर दादू सुतारांच्या कपाळावर होता तसाच घाम दिसला. सुई उतरत होती. मी एवढी वर्षं त्या दवाखान्यात होते, पण दुखणं असं समोर बसून, हळूहळू एका माणसाच्या अंगात परत येताना मी पहिल्यांदा बघत होते.

आईनं भिंतीला तळवा लावला आणि उठायचा प्रयत्न केला. निम्म्यात अडकली. सवयीनं तिचे ओठ हसायला गेले, 'बरं हाय' म्हणायला गेले. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ते हसू तिथंच सोडून दिलं.

"उजा," ती म्हणाली, "हात दे गं."